फ्रीबेस आणि सॉल्ट: वेपमधल्या निकोटिनची दोन रूपं

वेपच्या, म्हणजे ई-सिगारेटच्या, द्रवाच्या बाटलीवर निकोटिनचा आकडा असतो आणि त्याखाली बारीक अक्षरात प्रकार: फ्रीबेस किंवा सॉल्ट. बहुतेकांची नजर आकड्यावरच थांबते, आणि सॉल्ट घशाला मऊ लागतं म्हणून ते सौम्य असेल असं धरून चालतात. हा समज धोक्याचा आहे.

निकोटिन मुळात अल्कधर्मी. आपल्याकडे तंबाखूला चुना लावून मळतात त्यामागे हेच रसायन आहे. चुन्यामुळे निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या पातळ अस्तरातून झपाट्याने रक्तात शिरतं. हे मोकळं रूप म्हणजेच फ्रीबेस. वाफेतून ओढताना मात्र ते घशाला झोंबतं, प्रमाण वाढलं की खोकलाच येतो.

सॉल्टमध्ये नेमकं उलट करतात. बेन्झोइक आम्लासारखं एखादं आम्ल मिसळून निकोटिन बांधून ठेवतात. मग ते वाफेच्या थेंबातून सहज निसटत नाही, घशाला फारसं न बोचता थेंबासकट फुप्फुसात खोलवर जातं. तिथल्या ओलाव्याचा सामू 7.4 च्या आसपास असल्याने ते पुन्हा मोकळं होत जातं आणि रक्तात मिसळतं. 2015 मध्ये अमेरिकेत आलेल्या ज्यूल या ई-सिगारेटने हेच तंत्र वापरलं. तिच्या 5 टक्क्यांच्या पॉडमध्ये, म्हणजे द्रवाच्या छोट्या डबीत, दर मिलिलिटरला सुमारे 59 मिलिग्रॅम निकोटिन होतं. एवढं तीव्र फ्रीबेस नवख्या माणसाला ओढवलंच नसतं. खोकला ही शरीराने दिलेली पहिली ताकीद. सॉल्टने तीच दाबून टाकली, आणि कोवळ्या मुलांच्या बाबतीत मला सगळ्यात जास्त काळजी वाटते ती याचीच.

म्हणून फ्रीबेसचा छोटा आकडा निर्धास्त करणारा, असंही नाही. दर मिलिलिटरला 3 मिलिग्रॅमचं द्रव जास्त वॅटच्या यंत्रात भरलं तर कॉइल, म्हणजे द्रव तापवणारी तार, एका झुरक्यात कितीतरी जास्त द्रव उडवते. दिवसाला त्याचे 10 मिलिलिटर संपले तर 30 मिलिग्रॅम निकोटिनची वाफ झाली. 20 मिलिग्रॅमच्या सॉल्टचे दीड मिलिलिटर संपले तरी हिशोब तोच. त्यातलं रक्तात किती उतरेल हे झुरका किती लांब, ओढणारा किती सरावलेला, यावरही ठरतं. युरोपीय संघाने 20 मिलिग्रॅमची मर्यादा घातली ती द्रवाच्या तीव्रतेवर. कॉइल किती वॅटवर तापवायची यावर नाही.

भारतात 2019 च्या कायद्याने ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री आणि जाहिरात बंद आहे. तरीही चोरून माल मिळतोच, आणि त्यावर छापलेला आकडा किंवा प्रकार खरा आहे का, हे तपासणारं कुणी नसतं.