बेटांवरच्या बोटी आणि ‘नापीक’ मार्ग

ग्रीसमध्ये लहानमोठी सहा हजारांच्या आसपास बेटं आहेत. माणसं राहतात ती सव्वादोनशेच्या घरात. समोर दिसणाऱ्या शेजारच्या बेटावर जायचं, तरी पुष्कळदा आधी अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात परत यावं लागतं. नव्या माणसाला हा द्राविडी प्राणायाम वाटतो. पण बोटींचं हे जाळं फिरायला येणाऱ्यांसाठी विणलेलंच नव्हतं.

आधी तर पिरेअसही मोठं नव्हतं. मान होता सीरोस बेटावरच्या एर्मूपोलीचा. १८२१ मध्ये तुर्की सत्तेविरुद्ध स्वातंत्र्ययुद्ध पेटलं, खिओस आणि प्सारा या बेटांवर कत्तली झाल्या, आणि जीव वाचवून निघालेले व्यापारी-खलाशी सीरोसला येऊन टेकले. त्यांनी वसवलेल्या गावाला नाव दिलं हर्मीसचं, म्हणजे व्यापाराच्या देवाचं. १८५६ मध्ये ग्रीसची आगबोट कंपनी निघाली तीही इथेच. पुढे पिरेअस वाढलं, १८९३ मध्ये कोरिंथचा कालवा खुला झाला आणि सीरोसचा दिमाख उतरला. निर्वासितांनी खिओसहून आणलेली एक चीज मात्र बोटींवर टिकली: लुकूमी. बोट सीरोसला लागली की टोपल्या घेतलेले विक्रेते वर चढायचे, पिठीसाखरेत घोळलेल्या त्या मऊ वड्या विकायचे आणि भोंगा वाजायच्या आत उतरायचे.

बहुतेक बेटांना तेव्हा धड धक्का नव्हता. आगबोट खोल पाण्यात थांबायची आणि माणसं, शेळ्या, पोती होड्यांतून किनाऱ्यावर जायची. आपल्याकडे कोकणात पडावातून उतरायचे, तसंच. ट्रक आणि मोटारी पोटात घेणाऱ्या फेरीबोटी रुळल्या त्या १९६०च्या दशकापासून, आणि त्यातल्या कितीतरी दुसऱ्या देशांनी वापरून सोडलेल्या.

‘इराक्लिओन’ त्यातलीच एक. १९४९ साली ब्रिटनमध्ये बांधलेलं, ब्रह्मदेशाच्या मार्गावर चाललेलं हे जहाज ग्रीक मालकाने १९६४ मध्ये विकत घेतलं आणि कापून-जोडून त्याची फेरीबोट केली. ७ डिसेंबर १९६६ च्या संध्याकाळी ती क्रीट बेटाच्या सूदा बंदरातून पिरेअसकडे निघाली. समुद्र खवळलेला. आत संत्र्यांनी भरलेला एक शीतगृहाचा ट्रक नीट बांधलेला नव्हता. बोट डोलायला लागली तसा तो सुटला, बोटीच्या दारावर आदळत राहिला, आणि शेवटी दार निघालं. मध्यरात्रीनंतर फाल्कोनेरा बेटाजवळ बोट बुडाली. दोनशेहून जास्त माणसं गेली. वाचली ती पन्नाससुद्धा नव्हती. चौकशीत कंपनीचा निष्काळजीपणा सिद्ध झाला आणि मालकाला तुरुंगवासाची शिक्षा झाली.

क्रीटच्या लोकांनी पुढे जे केलं, ते मला या साऱ्या इतिहासात सगळ्यात मोलाचं वाटतं. पिरेअसच्या मालकांवर भरवसा ठेवायचा नाही, आपली बोट आपण घ्यायची, असं ठरलं. खानिया भागातले बिशप इरिनेओस पुढे झाले, आणि शेतकरी, दुकानदार, शिक्षक यांनी कंपनीचे भाग (शेअर) विकत घेतले. १९६७ मध्ये ‘आनेक’ ही कंपनी उभी राहिली आणि १९७० मध्ये तिची पहिली बोट ‘किदोन’ पाण्यात आली. १९७२ मध्ये क्रीटच्याच इराक्लिओन शहरातून ‘मिनोअन लाइन्स’ निघाली, तीही अशाच जनतेच्या पैशांवर. बेटावरच्या माणसाला बोट म्हणजे एसटी, पोस्ट आणि रुग्णवाहिका एकदमच, हे कळलं की भाग विकत घेण्यामागची निकड समजते.

त्याने सगळे प्रश्न सुटले नाहीत. कोणत्या मार्गावर कुणी बोट चालवायची, भाडं किती घ्यायचं, हे मंत्रालय ठरवायचं, आणि परवाना हाती असलेल्याला जुनी बोट बदलायची घाई नसायची. २६ सप्टेंबर २००० च्या रात्री ‘एक्सप्रेस सामिना’ ही फेरीबोट पारोस बेटाच्या तोंडाशी पोर्तेस नावाच्या खडकांवर चढली. ते खडक नकाशावर होते, त्यांच्यावर दिवाही होता. बोटीतली बहुतेक सगळी जलरोधक दारं उघडीच होती. ऐंशीच्या आसपास लोक मेले. पारोसच्या कोळ्यांनी अंधारात आपल्या होड्या घालून कितीतरी जणांना बाहेर काढलं. ही बोट बांधली होती १९६६ मध्ये, म्हणजे ‘इराक्लिओन’ बुडाली त्याच साली. ‘सामिना’च्या अपघातानंतर जुन्या बोटींच्या वयाची मर्यादा खाली आणली गेली. २००१ च्या कायद्याने परवान्यांची जुनी पद्धत मोडून मार्ग स्पर्धेला खुले केले. युरोपीय संघाचा दट्ट्या आधीपासून होताच. गंमत अशी की, स्पर्धा आली आणि कंपन्या एकमेकींत विरघळत गेल्या. २०२३ मध्ये ‘आनेक’सुद्धा ‘आतिका’ समूहात विलीन झाली.

उतरण्याची रीत मात्र अजून तीच. फेरी बेटाला पाठीकडून लागते. पुढे नांगर सोडून ती मागे-मागे येते आणि लोखंडी उतार धक्क्यावर आपटतो. त्याला ग्रीक खलाशी ‘कातापेल्तिस’ म्हणतात. दगडगोळे फेकणाऱ्या प्राचीन यंत्राचं हे नाव. प्रवासी आधीच बॅगा घेऊन खाली ट्रकांच्या मधे, डिझेलच्या वासात उभे असतात. जरा रेंगाळलात तर पुढच्या बेटावर उतरावं लागेल.

जिथे नफा नाही तिथल्या फेऱ्यांना सरकार पैसे देतं. त्यांचं ग्रीक नाव ‘आगोनी ग्रामी’, म्हणजे नापीक मार्ग. ‘एक्सप्रेस स्कोपेलितिस’ ही छोटी बोट अशाच मार्गावर चालते: आमोर्गोस बेटावरच्या कातापोलाहून दोनूसा, कूफोनिसी, स्खिनूसा, इराक्लिया करत नाक्सोसपर्यंत. मोठ्या बोटींपुढे ती खेळण्यासारखी दिसते आणि उन्हाळी मेल्तेमी वाऱ्यात भयंकर हलते. वारा फारच चढला की तटरक्षक दल बोटी बंदरातच रोखतं, आणि मग दुकानदार, पाहुणे, नाक्सोसच्या डॉक्टरकडे निघालेली आजी, सगळे धक्क्यावरच्या कॉफीच्या दुकानात बसून समुद्राकडे बघत राहतात.