पानिपतावर त्या दिवशी संक्रांत नव्हती

साताऱ्या-सांगलीकडच्या शाळांत दिनविशेष लिहिण्याच्या फळ्यावर १४ जानेवारीला जागा पुरत नाही. १७६१ : पानिपतची तिसरी लढाई. १८९६ : चिंतामणराव देशमुखांचा जन्म. १९९४ : मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार. २००५ : ह्युजेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरले. त्यात भूगोल दिन, आणि सगळ्यांत वर मकरसंक्रांत. मग परिपाठाच्या भाषणात एक वाक्य हमखास येते : ‘ऐन संक्रांतीला मराठ्यांवर संक्रांत कोसळली.’ वाक्य ऐकायला जोरकस आहे, पण चूक आहे. १४ जानेवारी १७६१ या दिवशी संक्रांत नव्हतीच. ती चार दिवस आधी होऊन गेली होती.

हे पडताळायला शाळेतले गणित पुरते. पंचांगात संक्रांत म्हणजे सूर्याचा निरयन मकर राशीत प्रवेश, म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ठरवलेल्या एका बिंदूपाशी सूर्य पोचणे. त्या बिंदूपासून निघून पुन्हा तिथेच यायला ३६५ दिवस ६ तास ९ मिनिटे १० सेकंद लागतात. आपल्या भिंतीवरच्या ग्रेगोरियन कॅलेंडरचे सरासरी वर्ष ३६५ दिवस ५ तास ४९ मिनिटे १२ सेकंदांचे आहे. फरक जवळजवळ २० मिनिटांचा. म्हणून संक्रांत तारखेच्या मानाने दरवर्षी सरासरी २० मिनिटे पुढे सरकते आणि ७२ वर्षांत पूर्ण एक दिवस. हिशेब करताना लीप वर्षाची एक खोच मात्र सांभाळावी लागते. २०२४ मध्ये संक्रमण १५ जानेवारीला पहाटे २.५४ ला झाले, २०२५ मध्ये १४ ला सकाळी ९.०३ ला, २०२६ मध्ये १४ ला दुपारी सव्वातीनच्या सुमारास. दर वर्षी सहा तास पुढे, आणि लीप वर्षाचा जादा दिवस आला की मागे. त्यामुळे तुलनेसाठी लीप वर्षाशी सारखेच नाते असलेली वर्षे घ्यायची. १७६१ आणि २०२५ ही दोन्ही लीप वर्षाच्या लगेच पुढची. मधली वर्षे २६४. गुणिले २० मिनिटे, म्हणजे ५,२८० मिनिटे, म्हणजेच ३ दिवस १६ तास. १४ जानेवारीच्या सकाळी नवातून तेवढे मागे गेलो की येते १० जानेवारी १७६१ ची संध्याकाळ. जुन्या सूर्यसिद्धान्ताचे वर्ष साडेतीन मिनिटांनी मोठे आहे. ते वापरले तर काही तास इकडेतिकडे होतील, पण १४ तारीख येणार नाही.

ताळा हवा असेल तर स्वामी विवेकानंदांचा जन्मदिवस घ्या. १२ जानेवारी १८६३, आणि त्या दिवशी मकरसंक्रांत होती अशी नोंद आहे. हाच हिशेब २०२७ पासून १६४ वर्षे मागे नेला तर उत्तर १२ जानेवारीच येते.

ही २० मिनिटे येतात कुठून? पृथ्वी विषुववृत्तावर फुगलेली आहे. तिथली त्रिज्या ध्रुवाकडच्या त्रिज्येपेक्षा सुमारे २१ किलोमीटरने जास्त. अक्ष साडेतेवीस अंशांनी कललेला असल्याने चंद्र आणि सूर्य हा फुगवटा सरळ करू पाहतात. फिरता भोवरा तिरपा झाला की पडत नाही, त्याचा अक्ष डुलत गोल फिरतो. तसाच पृथ्वीचा अक्ष सुमारे २६,००० वर्षांत एक फेरी घेतो. ही परांचन गती. तिच्यामुळे संपातबिंदू, म्हणजे सूर्य विषुववृत्त ओलांडतो तो बिंदू, ताऱ्यांमध्ये दरवर्षी ५०.३ विकलांनी (एका अंशाच्या ३,६०० विकला) मागे सरकतो, सूर्याला जणू अर्ध्या वाटेत सामोरा येतो. त्यामुळे ऋतूंचे वर्ष, म्हणजे सायन वर्ष, ताऱ्यांच्या वर्षाहून २० मिनिटे २४ सेकंदांनी आधी पुरे होते. कॅलेंडर ऋतूंना बांधलेले, संक्रांत ताऱ्यांना. साधारण सतराशे वर्षांपूर्वी मकर संक्रमण आणि खरे उत्तरायण एकत्र होते. आता त्यांच्यात २४ अंशांचे अंतर पडले आहे. २१०० हे लीप वर्ष नसल्याने त्यानंतर संक्रांत १६ जानेवारीला, अधूनमधून १७ लाही येईल. दर जानेवारीत मोबाइलवर फिरणारे ‘यंदा संक्रांतीचे वाहन अमुक, वस्त्र तमुक, म्हणून या रंगाचे लोक संकटात’ हे संदेश या गतीशी कुठेच जुळत नाहीत. ते पुढे पाठवू नयेत.

पानिपतची तारीखच जुन्या कॅलेंडरची असेल का, ही शंका रास्त आहे. शिवछत्रपतींच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख ज्यूलियन, म्हणजे जुन्या कॅलेंडरची आहे; ग्रेगोरियनने तो दिवस १ मार्च. धूमकेतूमुळे माहीत असलेला खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली १७४२ मध्ये वारला तो इंग्लंडच्या तेव्हाच्या कॅलेंडरने १४ जानेवारीला, आजच्या हिशेबाने २५ ला. पण इंग्रजांनी नवे कॅलेंडर सप्टेंबर १७५२ मध्ये घेतले आणि पानिपत त्यानंतरचे. शिवाय तिथी आहे : पौष शुद्ध अष्टमी, शके १६८२, बुधवार. चंद्राची कला आणि वार दोन्ही ग्रेगोरियन १४ जानेवारीशीच जुळतात. मेणवलीच्या वाड्याचे धनी नाना फडणवीस त्या लढाईतून वाचून परतले. सातारा जिल्ह्यात तरी हा दिवस नेमका सांगितला जावा.

उत्तरायण संक्रांतीला सुरू होत नाही, हे अंगणात मोजता येते. जमिनीवर बरोबर एक मीटर उंच राहील अशी काठी ओळंब्याने उभी करा. साताऱ्यात २२ डिसेंबरला सूर्य सर्वांत उंच असताना, म्हणजे १२.३२ वाजता, सावली ८७ सेंटिमीटर भरेल, १४ जानेवारीला १२.४३ वाजता ८१. सांगलीत हीच वेळ दोन मिनिटे आधी, मापे ८५ आणि ७९. म्हणजे संक्रांतीपर्यंत सूर्य उत्तरेकडे सरकलेला असतो आणि दिवस सहा मिनिटांनी वाढलेला असतो. प्रयोग फसतो तो बहुधा घड्याळाच्या बाराला मोजल्याने : तेव्हा साताऱ्यात १४ जानेवारीची सावली ८५ सेंटिमीटर येते आणि फरक बुडतो. दुसरी चूक टोकाची. सूर्यबिंब अर्ध्या अंशाचे असल्याने सावलीचे टोक दीड सेंटिमीटर पुसट दिसते. खूण त्या पुसट पट्ट्याच्या मध्यावर करायची, आणि दोन्ही दिवशी त्याच माणसाने.