पिथौरागढ जिल्हा

भारताच्या उत्तराखंड राज्याचा अगदी पूर्वेकडचा डोंगरी जिल्हा. उत्तरेला तिबेट, पूर्वेला काली नदी आणि तिच्या पलीकडे नेपाळ, दक्षिणेला चंपावत, पश्चिमेला अल्मोडा व बागेश्वर, तर वायव्येला चमोली जिल्हा. क्षेत्रफळ सुमारे 7,090 चौ. किमी. 2011 च्या जनगणनेनुसार लोकसंख्या 4,83,439. अल्मोडा जिल्ह्याचा सरहद्दीलगतचा भाग वेगळा काढून 24 फेब्रुवारी 1960 रोजी हा जिल्हा करण्यात आला. 1997 मध्ये त्यातून चंपावत वेगळा झाला. मुख्य ठाणे पिथौरागढ हे शहर सोर नावाच्या रुंद, सुपीक खोऱ्यात सुमारे 1,500 मीटर उंचीवर वसले आहे. आसपासच्या गावांतले लोक अजूनही त्या परिसराला सोर म्हणूनच ओळखतात.

या जिल्ह्याची ओळख अनेकदा ‘देशाचे टोक’ अशी करून दिली जाते. आजच्या नकाशावर ते खरे असले, तरी 1962 पूर्वीच्या काही शतकांत हा मुलूख तिबेट आणि कुमाऊं (उत्तराखंडाचा पूर्व भाग) यांच्यामधला उंबरठा होता. इथल्या समाजाची घडण त्या ये-जा करण्यातूनच झाली.

भूमी आणि नद्या. कालीकाठी धारचूला हे सरहद्दीवरचे गाव जेमतेम 900 मीटरवर आहे. तिथे उन्हाळ्यात अंगाची काहिली होते. वायव्येला नंदादेवी पूर्व हे 7,434 मीटरचे शिखर चमोलीच्या सीमेवर उभे आहे. मधल्या पट्ट्यात पायऱ्यापायऱ्यांची शेते, त्यांच्या वर चीड, बांज आणि बुरांस यांची राने, आणखी वर ‘बुग्याल’ म्हणजे उंचावरची गवताळ कुरणे, आणि मग बर्फ. मुनस्यारी गावातून समोर दिसणारी पंचचूली ही पाच शिखरांची रांग जिल्ह्याची खूण झाली आहे. पांडवांनी स्वर्गारोहणापूर्वी शेवटचा स्वयंपाक केलेल्या त्या पाच चुली, अशी लोककथा आहे. त्यांतले सर्वांत उंच शिखर 6,904 मीटर आहे.

सगळे पाणी शेवटी कालीला मिळते. मिलम हिमनदीतून निघणारी गोरी जौलजीबीला, दारमा खोऱ्यातून येणारी धौली तवाघाटला, आणि पूर्व रामगंगेला सोबत घेऊन येणारी सरयू पंचेश्वरला कालीत उतरते. मैदानात पोचल्यावर काली शारदा होते. सुगौलीच्या तहाने (1815-16) ही नदी ब्रिटिश मुलूख आणि नेपाळ यांची सीमा ठरली. तिचा उगम नेमका कुठला यावरून कालापानी व लिंपियाधुरा भागाचा भारत-नेपाळ वाद आजही मिटलेला नाही.

धारचूला आणि दार्चुला. कालीच्या अलीकडे धारचूला, पलीकडे नेपाळचे दार्चुला. मध्ये एक झुलता पूल. इथे पासपोर्ट लागत नाही. पाठीवर रिंगालच्या (बारीक बांबूच्या) टोपल्या, हातात तेलाचे डबे घेऊन माणसे दिवसभर पुलावरून ये-जा करतात आणि संध्याकाळी फाटक बंद होते. पलीकडे पाऊल टाकले की घड्याळ पंधरा मिनिटे पुढे करायचे, कारण नेपाळची प्रमाणवेळ तेवढी पुढे आहे. दोन्ही तीरांवर एकाच समाजाची घरे आहेत, लेकी-सुना इकडच्या तिकडे जातात. व्यास खोऱ्यातली टिंकर आणि छांगरू ही दोन गावे नेपाळच्या वाट्याला गेली, बाकीची भारताच्या. त्यांची भाषा, देव आणि नातीगोती मात्र एकच आहेत.

लोक. बहुसंख्य लोक कुमाऊंनी बोलणारे शेतकरी आहेत. उत्तरेच्या खोऱ्यांत मात्र दोन व्यापारी समाज राहतात. गोरीच्या वरच्या अंगाला, जोहारमध्ये शौका. आणि दारमा, व्यास व चौदांस या तीन खोऱ्यांत रं. सरकारी दप्तरात दोघांनाही ‘भोटिया’ म्हणतात आणि 1967 पासून ते अनुसूचित जमातींमध्ये आहेत. रं समाजाच्या भाषा तिबेटो-बर्मी कुळातल्या आहेत. जोहारी लोकांनी आपली जुनी भाषा केव्हाच सोडली आणि कुमाऊंनी स्वीकारली.

यांचे जगणे ऋतूंबरोबर चढत-उतरत असे. बर्फ वितळले की मिलम, मर्तोली, बुर्फू किंवा गर्ब्यांग, गुंजी, कुटी अशा उंचावरच्या गावांत जायचे, तिथे फापर (कुट्टू) आणि जव पेरायचे आणि पुरुषांनी खिंडी ओलांडून तिबेटच्या बाजारांत उतरायचे. हिवाळ्याच्या तोंडावर कुटुंबकबिल्यासह खाली मुनस्यारी, थल, धारचूलाकडे यायचे. माल वाहायची मेंढ्या-बकऱ्यांनी. प्रत्येकीच्या दोन्ही अंगांना एकेक छोटी थैली लटकवलेली, जाताना त्यांत धान्य आणि गूळ, येताना मीठ, लोकर, टाकणखार. एका बकरीच्या पाठीवर थोडकेच ओझे मावायचे, पण कळप शेकड्यांचा असे आणि चारा वाटेवरच मिळे. खेचरालाही जड जाणाऱ्या कड्यांवर हीच वाहतूक चालायची. प्रत्येक घराण्याचा तिबेटातल्या ठरलेल्या व्यापाऱ्याशी पिढीजात करार असे. करार ठरला की एक दगड फोडून दोघे अर्धा-अर्धा जवळ ठेवत. पुढे दोन तुकडे जुळले की माणूस खरा. लेखी कागदावाचून पिढ्यान्‌पिढ्या टिकलेली ही पत मला या जिल्ह्याच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते.

याच समाजातला एक माणूस जगाच्या भूगोलात अजरामर झाला. मिलमचे पंडित नैनसिंह रावत (जन्म 1830) गावच्या शाळेत मास्तर होते, म्हणून ‘पंडित’. तिबेटात गोऱ्या माणसाला बंदी होती, तेव्हा भारतीय सर्वेक्षण खात्याने त्यांना डेहराडूनला शिकवून तयार केले. डोंगर असो वा उतार, पाऊल ठरावीक लांबीचेच पडले पाहिजे, असा सराव त्यांच्याकडून करून घेतला. हातातली जपमाळ 108 ऐवजी 100 मण्यांची होती; दर शंभर पावलांना एक मणी पुढे सरकायचा. प्रार्थनाचक्रात मंत्राऐवजी नोंदींचे कागद आणि होकायंत्र, कवड्यांत लपवलेला पारा आणि काठीत दडवलेला तापमापक. 1866 च्या जानेवारीत ते ल्हासाला पोचले आणि त्या शहराचे स्थान व उंची त्यांनी अशी निश्चित केली की नकाशे बदलावे लागले. 1877 मध्ये लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने त्यांना सुवर्णपदक दिले. परक्या सत्तेसाठी केलेले काम म्हणून त्यांची थोरवी कमी होत नाही, असे माझे मत आहे.

1962 च्या भारत-चीन युद्धाने खिंडी बंद झाल्या. एका हंगामात पिढ्यांचा धंदा संपला. मिलम हे एके काळी कुमाऊंतल्या मोठ्या गावांत गणले जाई. आज तिथे छप्पर खचलेल्या दगडी घरांच्या ओळी दिसतात. कोरीव काम केलेल्या दारांच्या चौकटी मात्र अजून शाबूत आहेत. अनुसूचित जमातीच्या सवलतीमुळे पुढची पिढी शिकली आणि सरकारी नोकऱ्यांत शिरली, पण वर परतण्याचे कारण उरले नाही. लिपुलेख खिंडीतून (सुमारे 5,100 मीटर) 1992 मध्ये मर्यादित व्यापार सुरू झाला, तो 2019 नंतर पुन्हा थांबला.

वनराजी. अस्कोटच्या जंगलांतली राजी ही फार छोटी जमात आहे, उत्तराखंडात उण्यापुऱ्या काहीशे माणसांची. जुन्या वर्णनांनुसार हे लोक स्वतः कोरलेली लाकडी भांडी रात्री गावच्या उंबऱ्यावर ठेवून जात आणि दुसऱ्या रात्री बदल्यात ठेवलेले धान्य घेऊन जात. दोन्ही पक्षांची भेट होत नसे. याच जमातीतले गगनसिंह रजवार 2002 मध्ये धारचूलातून विधानसभेवर निवडून आले. ही घटना जमातीसाठी किती मोठी होती हे सांगायला नको.

शेती आणि निसर्गोत्पन्न. मराठी वाचकाला इथल्या ताटात ओळखीची दोन धान्ये सापडतील. मंडुवा म्हणजे आपली नाचणी आणि गहत म्हणजे कुळीथ. थंडीत गहतची डाळ अंगात ऊब आणते असे इथल्या बायका सांगतात. कोकणात कुळथाचे पिठले करतानाही तेच ऐकू येते. मोहाच्या कुळातल्या च्यूरा या झाडाच्या बियांतून तुपासारखी चरबी निघते. मुनस्यारीचा पांढरा राजमा, भोटिया दन हा गालिचा, थुलमा हे लोकरी पांघरूण आणि च्यूऱ्याचे तेल यांना 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

मे-जूनमध्ये गावेच्या गावे ‘कीडाजडी’ शोधायला बुग्यालांवर जातात. जमिनीतल्या अळीवर वाढणाऱ्या या बुरशीचा काडीएवढा तपकिरी कोंब गवतातून जेमतेम बोटभर वर येतो. तो दिसावा म्हणून माणसे थंड चिखलात पोटावर सरपटतात. वर्षभराची रोख कमाई या काही आठवड्यांत होते, आणि कुरणांची धूपही तेवढ्यातच.

2011 मध्ये जिल्ह्यात दर हजार पुरुषांमागे 1,020 स्त्रिया होत्या. याचा सरळ अर्थ असा की पुरुष फौजेत किंवा मैदानातल्या शहरांत आहेत आणि चारा, पाणी, शेत बायका सांभाळतात. गंगोलीहाटची हाट कालिका ही कुमाऊं रेजिमेंटची आराध्यदेवता. अनेक घरांतला एक तरी माणूस वर्दीत असतो.

सण. सोर खोऱ्यात भाद्रपदातल्या गौरा-महेश्वराच्या पूजेनंतर ‘हिलजात्रा’ होते. लाकडी मुखवटे चढवून बैलजोड्या, नांगरणी, रोवणी यांची सोंगे मैदानात येतात आणि शेवटी काळ्या वस्त्रांतला लखिया भूत. त्याला दोघे दोरखंडांनी मागून ओढून धरतात. नाव भूत असले तरी लोक त्याला शिवाचा गण मानून अक्षता वाहतात. चौदांसमध्ये बारा वर्षांनी एकदा फुलणाऱ्या कंडाली नावाच्या झुडपाविरुद्ध बायका मोर्चा काढतात, मागावर धागे ठोकायच्या ‘रिल’ या हत्याराने ती झुडपे झोडपून काढतात. शत्रूचे सैनिक याच झुडपांत लपले होते, अशी आठवण त्यामागे सांगतात.

आपत्ती आणि रस्ते. 18 ऑगस्ट 1998 च्या पहाटे कालीकाठचे मालपा हे ठिकाण दरडीखाली गाडले गेले. दोनशेहून अधिक माणसे गेली. त्यांत कैलास-मानसरोवरचे साठ यात्री आणि ओडिसी नर्तकी प्रोतिमा बेदी होत्या. जून 2013 च्या पुरात धौलीवरचा 280 मेगावॉटचा जलविद्युत प्रकल्प बुडाला. कोवळ्या, सतत सरकणाऱ्या डोंगरांत सुरुंग लावून रस्ते काढताना ही दोन वर्षे विसरता येणार नाहीत.

तरी रस्ता हवाच होता. पूर्वी धारचूलाहून गुंजीला पोचायला तीन-चार दिवस पायपीट करावी लागे. आता गाडी लिपुलेखच्या पायथ्यापर्यंत जाते. मानसरोवर यात्रा 2020 ते 2024 बंद राहून 2025 मध्ये याच वाटेने पुन्हा सुरू झाली. आदि कैलास आणि ॐ पर्वत पाहायला येणाऱ्यांत मराठी भटके भरपूर असतात. गुंजी, नाबी आणि कुटी इथल्या ज्या घरांना वर्षानुवर्षे कुलूप होते, त्यांतल्या काही घरांत उन्हाळ्यात पुन्हा चूल पेटते आणि पाहुण्यांसाठी फापराच्या भाकऱ्या भाजल्या जातात. हिवाळा आला की ती घरे बंद करून माणसे, जुन्या रीतीप्रमाणे, धारचूलाला उतरतात.