ड्रायव्हर कुणाचाही असो, कोड आपला

मायएसक्यूएल या डेटाबेसशी बोलणाऱ्या जावातल्या जुन्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ हमखास सापडते: 'कॉम डॉट मायएसक्यूएल डॉट जेडीबीसी डॉट ड्रायव्हर' या नावाचा क्लास लोड करा. पुढे मायएसक्यूएलच्या ड्रायव्हरची आवृत्ती 8 आली आणि त्या नावात मध्येच 'सीजे' घुसलं. आता जुनं नाव दिलं तर ड्रायव्हर लॉगमध्ये कुरकुरतो. वर हेही सांगतो, की ही ओळ लिहायची सहसा गरजच नसते. बरोबरच आहे त्याचं. 2006 साली आलेल्या जावा 6 पासून ड्रायव्हर आपला आपण सापडतो.

ड्रायव्हर म्हणजे प्रोग्रॅम आणि डेटाबेस यांच्या मधला दुभाष्या. ओरॅकल, पोस्टग्रेस, मायएसक्यूएल या डेटाबेसची नेटवर्कवर बोलण्याची पद्धत वेगवेगळी. प्रत्येकासाठी वेगळा प्रोग्रॅम लिहायला लागू नये म्हणून मायक्रोसॉफ्टने 1992 मध्ये ओडीबीसी ही सामाईक पद्धत आणली आणि 1997 मध्ये सन कंपनीच्या जावात तशीच जेडीबीसी आली. जेडीबीसीची युक्ती साधी आहे. 'कनेक्शन', 'स्टेटमेंट', 'रिझल्टसेट' हे इंटरफेस, म्हणजे कोणती कामं मागता येतील याचे करार, जावाने ठरवायचे आणि त्यांच्यामागचं काम कंपनीच्या ड्रायव्हरने करायचं. आपल्या कोडला फक्त इंटरफेस माहीत असतात. डेटाबेसचा पत्ता सेटिंगच्या फाइलमध्ये राहतो.

मग बिघडतं कुठे? कुणीतरी ओरॅकलची खास सोय वापरण्यासाठी साध्या 'कनेक्शन'ला जबरदस्तीने 'ओरॅकल कनेक्शन' बनवतो. डेव्हलपरच्या मशीनवर ते चालतं. सर्व्हरवर मात्र कनेक्शन पूलमधून, म्हणजे आधीच उघडून ठेवलेल्या कनेक्शनच्या साठ्यातून येतं आणि पूलने त्यावर स्वतःचं वेष्टन चढवलेलं असतं, त्यामुळे प्रोग्रॅम तिथेच कोसळतो. वेष्टन उघडून आतला ऑब्जेक्ट मागायला 'अनरॅप' ही अधिकृत मेथड आहे. ती वापरावी, पण एकाच क्लासमध्ये.

इथवरचं सोपं. खरी डोकेदुखी एसक्यूएलची, म्हणजे डेटाबेसला प्रश्न (क्वेरी) विचारायच्या भाषेची. 1986 पासून तिचं प्रमाणीकरण झालेलं असूनही प्रत्येक डेटाबेसची बोली निराळी. दोन उभ्या रेघांनी पोस्टग्रेस आणि ओरॅकल मजकूर जोडतात. मायएसक्यूएलमध्ये त्याच रेघांचा मूळ अर्थ 'किंवा'. आडनाव आणि नाव जोडायला जावं तर हाती शून्य येतं, आणि क्वेरी अडत नाही! पहिल्या दहा ओळी हव्यात तर मायएसक्यूएलला 'लिमिट' लागतं, एसक्यूएल सर्व्हरला 'टॉप' चालतं. ओरॅकल तर रिकामी स्ट्रिंग आणि 'नल' यांत फरकच करत नाही, म्हणजे मधलं नाव नसणं आणि ते माहीत नसणं त्याच्या लेखी एकच. यातलं काहीच ड्रायव्हर सांभाळत नाही, कारण एसक्यूएलचं वाक्य तो जवळपास जसंच्या तसं पुढे पाठवतो.

मराठीत काम करणाऱ्यांसाठी एक खास खड्डा आहे. 'महाराष्ट्र' या शब्दात काना, हलन्त धरून युनिकोडची 10 चिन्हं आहेत आणि यूटीएफ-8 या साठवण्याच्या पद्धतीत प्रत्येकाला 3 बाइट लागतात, म्हणजे एकूण 30. पोस्टग्रेसमध्ये 20 लांबीच्या कॉलममध्ये हा शब्द आरामात बसतो, कारण तिथे चिन्हं मोजली जातात. ओरॅकल वेगळं सांगितलं नाही तर बाइट मोजतं, म्हणून तिथे तोच शब्द 'किंमत फार मोठी' म्हणून नाकारला जातो. इंग्रजी नावांवर चाचणी केली असेल तर हे कधीच दिसत नाही.

म्हणून शंभर टक्के स्वतंत्र कोडचा हट्ट मला पटत नाही. जेसन स्वरूपातला डेटा साठवणारा पोस्टग्रेसचा जेसनबी प्रकार हाताशी असताना तो टाळून दुप्पट कोड लिहायचा, कारण उद्या कदाचित डेटाबेस बदलेल? तो कदाचित कधीच बदलणार नाही. खास सोयी खुशाल वापरा, फक्त त्या क्वेरी एका वेगळ्या थरात ठेवा. बाकीच्या कोडने त्या थराकडे 'या ग्राहकाची थकबाकी दे' एवढंच मागावं. आणि चाचण्या मेमरीतल्या हलक्या डेटाबेसवर न उरकता प्रत्यक्ष वापरातल्या डेटाबेसवर चालवा, चाचणीच्या डेटात चार जोडाक्षरं असलेली नावं घालून.