माशी कोणाच्या डोळ्यांसाठी? कृत्रिम माशीच्या गळाची पार्श्वभूमी

गळाच्या दांड्यावर धागा, लोकर आणि कोंबड्याचे पीस गुंडाळून पाण्यावरच्या किड्याचा भास निर्माण करायचा आणि त्या भासाला भुलून माशाने तोंड उघडावे अशी योजना करायची, हा मासेमारीचा प्रकार निदान अठराशे वर्षे जुना आहे. त्याला आज आपणही सर्रास फ्लाय फिशिंगच म्हणतो. कोकणातल्या गरीला किंवा देशावरच्या गळाला जे आमिष लावतात ते खरोखर खाण्याजोगे असते. गांडूळ असो, कोळंबी असो वा कणकेची गोळी असो, मासा निदान वासाला तरी फसत नाही. इथे मात्र खाण्यासारखे काहीच नसते, सारी भिस्त दिसण्यावर असते. म्हणून ही माशी नेमकी कोणाला खरी वाटायला हवी, बांधणाऱ्याला की माशाला, हा प्रश्न या कलेत प्रथमपासून आहे आणि तिच्या इतिहासातले बहुतेक वाद त्याच्याभोवतीच झालेले आहेत.

या पद्धतीचे पहिले सविस्तर वर्णन इसवी सन 200 च्या सुमारास ईलियन या रोमन लेखकाने ग्रीक भाषेत करून ठेवले. मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रेयस नावाच्या नदीत ठिपकेदार मासे असतात आणि ते पाण्यावर घोंघावणारी एक विशिष्ट माशी खातात, असे तो सांगतो. खरी माशी गळाला लावावी तर माणसाचा हात लागताच तिचा रंग उडतो आणि मासे तिच्याकडे फिरकत नाहीत. म्हणून तिथले लोक गळाला तांबडी लोकर गुंडाळत आणि कोंबड्याच्या गळ्याशी लोंबणाऱ्या तांबड्या कातडीखाली येणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे तिला जोडत. काठी सहा फुटांची आणि दोरीही तेवढीच. या वर्णनातील एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. नदीवर उडणाऱ्या शेकडो किड्यांपैकी मासे कोणता खातात हे आधी पाहिले गेले आणि माशी मग बांधली गेली.

त्यानंतरचा मोठा टप्पा इंग्लंडमधला. 1496 मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने वेस्टमिन्स्टर येथे छापलेल्या एका ग्रंथात बारा माश्या मार्च ते ऑगस्ट या महिन्यांनुसार दिल्या आहेत. 1676 मध्ये चार्ल्स कॉटनने डव्ह नदीवरच्या अनुभवातून ही यादी पुष्कळ वाढवली. मात्र हे सारे अनुभवाचे पाठ होते. माशाला काय दिसते आणि काय कळते हे प्रयोग करून पाहणारा गृहस्थ आला तो 1836 मध्ये. आल्फ्रेड रोनाल्ड्सने स्टॅफर्डशायरमधील ब्लाइद नदीच्या काठावर एक निरीक्षणाची झोपडी उभारली होती. ट्राउट या नदीतल्या माशाला ऐकू येते का हे पाहण्यासाठी त्याने आडोशामागे बंदुकीचे बार काढवले. मासे जागचे हलले नाहीत. चवीची परीक्षा घेण्यासाठी लाल तिखट आणि मोहरी माखलेल्या घरमाश्या नळीतून फुंकून पाण्यावर सोडल्या. मासे त्याही खात राहिले. पाण्यात शिरताना प्रकाश वाकत असल्याने काठावरचा माणूस माशाला कसा दिसत असेल, हेही त्याने आकृतीने दाखवले. पाण्याखालून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचे सगळे जग सुमारे 97 अंशांच्या एका गोल खिडकीत एकवटलेले दिसते, आणि त्या खिडकीपलीकडे पाण्याचा पृष्ठभाग आरशासारखा तळाचेच प्रतिबिंब दाखवतो. माशी बांधणारा तिला हातात धरून, वरून आणि भरपूर उजेडात पाहतो. माशाला तिचे हे रूप कधीच दिसत नाही.

तरीही त्याच शतकात माणसाच्या डोळ्यांना रिझवणारी माशी कळसाला पोहोचली, ती सॅमन माशासाठी. समुद्रातून नदीत अंडी घालण्यासाठी परतणारा सॅमन जवळजवळ काहीच खात नाही, म्हणजे नक्कल करायला समोर कोणता किडाच नाही. मग बांधणाऱ्यांनी कल्पनाशक्ती मोकळी सोडली आणि साम्राज्याच्या व्यापाराने त्यांना जगभरची पिसे पुरवली. त्यांतले सर्वांत मोलाचे पीस आपल्या परिचयाच्या पक्ष्याचे आहे. करड्या रानकोंबड्याच्या मानेवरील काळपट पिसांवर मेणाचे थेंब सुकावेत तसे पांढरे-पिवळसर चकचकीत ठिपके असतात. माशीच्या दोन्ही बाजूंना ते पीस बसवले की डोळा उमटतो, आणि ‘जॉक स्कॉट’सारखी नामांकित सॅमन-माशी त्याशिवाय पुरी होत नाही. सह्याद्रीच्या रानात पहाटे तुटक आरवणारा हा पक्षी स्कॉटलंडच्या नद्यांत अशा रीतीने पोहोचला होता, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते. पुढे भारतातून ही पिसे बाहेर नेण्यावर बंदी आली, आणि परदेशातले बांधणारे तिकडे पाळलेल्या पक्ष्यांच्या पिसांवर भागवू लागले.

ट्राउटच्या बाबतीत मात्र नक्कल हाच धर्म राहिला आणि त्याचा सर्वांत कडवा आचार्य म्हणजे फ्रेडरिक हॅलफर्ड. दक्षिण इंग्लंडमधील टेस्ट ही चुनखडीच्या झऱ्यांतून वाहणारी, काचेसारखी नितळ नदी. 1886 आणि 1889 मधील आपल्या लेखनातून त्याने तरंगत्या माशीची पद्धत शास्त्रासारखी मांडली: आधी पृष्ठभागावर खाणारा मासा हेरायचा, त्याच्या खालच्या अंगाला उभे राहायचे आणि माशी कोरडी ठेवून, ती तरंगत त्याच्यावर येईल अशी टाकायची. साधनेही नेमकी त्याच सुमारास अनुकूल झाली होती. माशीला स्वतःचे वजन जवळपास नसते, त्यामुळे ती दूर जाते ती दोरीच्या वजनावर. घोड्याच्या केसांच्या हलक्या दोरीची जागा तेल मुरवलेल्या, विणलेल्या रेशमी दोरीने घेतली आणि वाऱ्याविरुद्धही माशी टाकता येऊ लागली. 1879 च्या सुमारास एच. एस. हॉलने नेढे असलेला बारीक गळ प्रचारात आणला. त्याआधी रेशीमकिड्यापासून काढलेली तात गळाच्या दांड्यालाच बांधलेली असे आणि ती झिजली की माशीही वाया जाई. हॅलफर्डने पुढे माश्यांची संख्या 33 नमुन्यांवर आणली आणि किड्याच्या शरीराचा प्रत्येक रंग ताडून पाहिला. त्याचे अनुयायी त्याच्याही पुढे गेले. बुडालेली माशी टाकणे त्यांच्या लेखी जवळजवळ अनाचार ठरला.

जी. ई. एम. स्क्यूज हा पेशाने वकील होता आणि इचेन नदीवर मासे धरीत असे. एकदा त्याची नीट न तरंगणारी माशी बुडाली आणि ट्राउटने ती बेधडक घेतली. एखाद्याने हा योगायोग म्हणून सोडून दिला असता. स्क्यूजने मारलेल्या माशांच्या पोटातील अन्न चमच्याने काढून पांढऱ्या बशीत पाण्यावर पसरून पाहण्याची सवय लावून घेतली. बशीत पंखवाल्या माश्या थोड्या आणि पाण्याखालच्या बालकिड्यांची गर्दी असे. मेफ्लाय ही नदीवरची माशी आयुष्याचा बहुतेक काळ पाण्यात काढते आणि पंख फुटल्यावर फार तर एक-दोन दिवस जगते, हे ध्यानात घेतले तर त्यात नवल नाही. 1910 मध्ये त्याने आपला पक्ष सौम्य शब्दांत मांडला, पण वाद इतका चिघळला की 1938 मध्ये लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात या विषयावर रीतसर चर्चा ठेवावी लागली. मला यात स्क्यूजची बशी हॅलफर्डच्या रंगतक्त्यापेक्षा अधिक प्रामाणिक वाटते, कारण तिथे साक्ष माशाची होती.

भारतात ही विद्या इंग्रज अधिकाऱ्यांबरोबर आली. विसाव्या शतकाच्या आरंभी काश्मीरमध्ये ब्रिटनमधून आणलेल्या अंड्यांपासून आणि नंतर कुलूतही तपकिरी ट्राउट वाढवला गेला, तेव्हा माश्याही तिकडच्याच चालल्या. महसीरचे तसे नव्हते. दख्खनच्या महसीरला शास्त्रीय नाव दिले ते 1839 मध्ये कर्नल साइक्सने, पुण्याच्या मुळा-मुठेतील माशांवरून; त्यातला ‘खुद्री’ हा शब्द त्याने स्थानिक बोलीतूनच घेतला. हा मासा किडे खातो तशी फळेही खातो, शेवाळ खातो, लहान मासेही खातो, त्यामुळे टेस्ट नदीचे 33 नमुने त्याच्यापुढे फारसे उपयोगाचे नाहीत. लोणावळ्याजवळ वळवण येथे टाटांच्या केंद्रात 1970 च्या दशकापासून याच महसीरची पिल्ले तयार होत आली आहेत.

हॅलफर्डचा तपशिलाचा आग्रह ज्याने प्रत्यक्ष कृतीतून मोडला, तो फ्रँक सॉयर विल्टशायरमधील एव्हन नदीचा राखणदार होता. पोहताना बालकिडा पाय अंगाशी घेतो हे त्याने पाहिले आणि माशीचे पाय काढूनच टाकले. पंख नाहीत, धागासुद्धा नाही; फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे काही तंतू आणि त्यांना बांधणारी, त्याच वेळी माशीला बुडवणारी तांब्याची बारीक तार, एवढेच साहित्य त्याने 1958 मध्ये सांगितले. ग्रेलिंग माशासाठी केलेली त्याची दुसरी माशी याहूनही साधी होती. तिच्यात पीस नव्हतेच, तारेवर फक्त रफूची लोकर गुंडाळलेली असे. ती लोकर मात्र चॅडविक कंपनीची 477 क्रमांकाचीच हवी असा त्याचा हट्ट होता, कारण ओली झाल्यावर तिच्यात जी गुलाबी झाक येई ती दुसऱ्या कोणत्याही लोकरीत येत नसे, आणि ती लोकर बनणे बंद झाल्यावर लोक तिच्या जुन्या कार्डांसाठी दुकाने धुंडाळू लागले.