पालकसभा सकाळी ११ वाजताच का? सोलापूरची सरकारी शाळा आणि घर यांच्या नात्याची पार्श्वभूमी

सोलापूरच्या पूर्व भागात पोरगं दप्तर अडकवून निघालं की आजी विचारते, ‘बडीला निघालास का?’ बडी म्हणजे तेलुगूत शाळा. अक्कलकोटकडच्या कन्नड घरात तीच ‘साली’ होते, नई जिंदगी या वस्तीकडे ‘इस्कूल’. दारावरच्या पाटीवर मात्र सगळीकडे एकच सरकारी मराठी. महापालिकेने मराठी, उर्दू, कन्नड आणि तेलुगू अशा चार माध्यमांच्या शाळा चालवल्या त्या हौसेने नव्हे. हे शहर वसलंच तसं.

या शाळांतून एक चिठ्ठी घरी येते. वहीचं अर्धं पान, मुलाच्याच अक्षरात, बाईंनी फळ्यावर लिहिलेलं उतरवून घेतलेलं: ‘उद्या सकाळी ११ वाजता पालकसभा आहे. सर्व पालकांनी उपस्थित राहावे.’ खाली सहीसाठी रेघ. पुष्कळ घरांत त्या रेघेवर मोठ्या बहिणीची सही असते, कारण सकाळच्या त्याच वेळेला आई बिडी कारखान्यात रांगेत असते. काल वळलेल्या बिड्या मोजून द्यायच्या, छाट, म्हणजे नापास बिड्या, किती निघते ते बघायचं, उद्यासाठी पाला आणि तंबाखू घ्यायची. हजार बिड्यांवर मजुरी ठरते. रांग सोडली तर दिवस बुडाला. बाप यंत्रमागावर रात्रपाळी करून नुकताच आडवा झालेला. सभेला चार जण येतात आणि शिक्षक म्हणतात, ‘पालकांना काही पडलेलीच नाही.’

हे वाक्य कुणा एका शिक्षकाचं नाही. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

मुंबई इलाख्यात १८६०च्या दशकात शेतसाऱ्यावर रुपयामागे एक आणा ‘लोकल फंड’ बसवला गेला आणि त्याचा एक तृतीयांश भाग शाळांसाठी राखून ठेवला गेला. म्हणजे गावच्या शाळेला पहिला आधार दिला तो कुणा दानशूराने नव्हे, साऱ्यासोबत आणा भरणाऱ्या कुणब्याने. ‘लोकल बोर्डाची शाळा’ हा शब्द जुन्या माणसांच्या तोंडी परवापरवापर्यंत होता. पण आणा देणाऱ्याचं पोर त्या शाळेत कितपत पोहोचत होतं? १८८२ मध्ये शिक्षणाची चौकशी करणाऱ्या हंटर आयोगापुढे जोतीराव फुले यांनी नेमकं हेच मांडलं. पैसा रयतेच्या घामाचा आणि खर्च वरच्या थरातल्या मुलांच्या उच्च शिक्षणावर, ही त्यांची तक्रार होती. पैसे द्यायला पालक हवा, शाळेच्या कारभारात मात्र नको, ही रीत तेव्हाचीच.

सोलापूर नगरपालिका १८५२ची. शहराचं घड्याळ मात्र नगरपालिकेने लावलं नाही, गिरणीच्या भोंग्याने लावलं. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात जुनी मिल उभी राहिली, पाठोपाठ आणखी गिरण्या आल्या. तेलंगणातून पद्मशाली विणकर आले, आजूबाजूच्या कन्नड आणि मराठी मुलखातून दुष्काळाने पिटाळलेली माणसं आली. १८८१च्या फॅक्टरी कायद्याने सात वर्षांखालच्या मुलाला कामावर घ्यायला बंदी केली. म्हणजे आठ वर्षांचं पोर कायदेशीर कामगार. १८९१ला हे वय नऊ झालं आणि १९२२ला बारा. शाळेची घंटा आणि गिरणीचा भोंगा एकाच मुलाला हाक मारत होते आणि मजुरी भोंगाच देत होता. त्या पिढीतल्या आई-बापांना ‘अनास्था’ चिकटवणाऱ्यांनी हे आकडे एकदा बघावेत.

याच शहरात एक जागा अशीही होती, जिथे शंभर टक्के मुलं शाळेत पाठवण्याची सक्ती होती. ती म्हणजे सेटलमेंट. १९११च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारधी, कैकाडी, टकारी अशा जमातींची कुटुंबं तारेच्या कुंपणात आणून ठेवली गेली. सोलापूरची वसाहत इलाख्यातल्या मोठ्या वसाहतींपैकी होती आणि काही काळ तिचा कारभार अमेरिकन मराठी मिशनकडे होता. थोरांची हजेरी, कामाला गिरणी, मुलांना शाळा. पट भरलेला, गळती नाही. कागदावर बघाल तर आजच्या कुठल्याही अहवालाला हेवा वाटावा. फक्त आई-बापाला विचारलेलं नव्हतं. शाळा हा कुंपणाचाच एक भाग होता. ३१ ऑगस्ट १९५२ला या जमाती कायद्याने विमुक्त झाल्या, पण ‘सेटलमेंट’ हे नाव शहराच्या नकाशावर राहिलं. ज्या घराच्या आठवणीत शाळा आणि हजेरी एकत्र बांधलेली आहे, त्या घराने शाळेच्या चिठ्ठीला घाबरून दार लावून घेतलं तर त्यात नवल ते काय?

सक्तीचं शिक्षण बाकी समाजापर्यंतही दंडाच्याच भाषेत आलं. १९१८मध्ये विठ्ठलभाई पटेल यांच्या विधेयकामुळे मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचं करण्याची मुभा मिळाली. १९२३च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या स्कूल बोर्डांकडे गेला. १९४७च्या मुंबई प्राथमिक शिक्षण कायद्याने ही घडी पक्की केली: शिक्षण मंडळ, प्रशासन अधिकारी, मूल न पाठवणाऱ्या पालकाला नोटीस आणि दंड. कायद्याच्या कलमांत पालक दिसतो तो कसूरदार म्हणून. १ मे १९६२ला जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि खेड्यातल्या शाळा त्यांच्याकडे गेल्या. १९६४ला सोलापूरची महापालिका झाली. ग्रामीण भागात ‘जीवन शिक्षण मंदिर’ अशी पाटी आजही एखाद्या जुन्या इमारतीवर दिसते, ती गांधीजींच्या नई तालीमच्या काळातली खूण.

आता सोलापूरची खास गोष्ट. इथल्या लोकांना शिक्षणासाठी पदरमोड करायचा कंटाळा होता, असं म्हणणं सरळ चूक ठरेल. पद्मशाली समाजाने स्वतःची शिक्षण संस्था उभी केली. कुचन प्रशालेतून विणकरांच्या पिढ्या शिकल्या. लिंगायत समाजाच्या पुढाकारातून १९५३ला संगमेश्वर कॉलेज आलं, त्याआधी १९४०ला आर्य समाजाच्या प्रेरणेचं दयानंद कॉलेज. जैन समाजाच्या श्राविका संस्थेने मुलींसाठी दारं उघडली, मुस्लिम समाजात सोशल असोसिएशनने शाळा काढल्या. या संस्थांच्या स्नेहसंमेलनाला पालक सणासारखे नटून येतात. वर्गणी मागायला संचालक दारात आले तर चहा होतो. कारण ती ‘आपली’ शाळा, आपल्या भाषेत बोलणारी.

आणि महापालिकेची शाळा? तिच्यामागे असा कुठलाच समाज उभा राहिला नाही. प्रत्येक समाजातला ज्याला जमलं तो आपल्या संस्थेत गेला, ज्याला अजिबात जमलं नाही तो महापालिकेच्या शाळेत उरला. सगळ्यांची शाळा हळूहळू कुणाचीच नाही, अशी झाली. माझ्या मते सोलापुरात सार्वजनिक शाळेचा आधार तुटला तो इथे. इंग्रजी माध्यमाचं पेव फुटायच्या कितीतरी आधी.

गेल्या शतकाच्या अखेरीस एकेक गिरणी बंद पडत गेली. घराचा भार बाईच्या मांडीवरच्या सुपावर आला. बिडी वळताना एकदा शेजारी बसून बघा: भिजवलेला पाला, पत्र्याच्या मापाने कात्रीने कापलेलं पान, चिमूटभर तंबाखू, एक वळसा, दोरा. पानाचं तोंड दाबून बंद करायला लहान बोटं बरी पडतात. शाळेतून आलेली पोरगी दप्तर टेकवून त्याच कामाला बसायची आणि गृहपाठ दिवा लागल्यावर. याला कुणी बालमजुरी म्हणायचं नाही, ‘आईला हात लावणं’ म्हणायचे. पुढे राष्ट्रीय बालकामगार प्रकल्पाच्या विशेष शाळा निघाल्या. बिडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कल्याण निधीतून शिष्यवृत्ती मिळू लागली. बोनाफाईड दाखला घ्यायला म्हणून का होईना, कित्येक आया त्या निमित्ताने पहिल्यांदा मुख्याध्यापकांच्या टेबलासमोर उभ्या राहिल्या.

सरकारने घराशी जुळवून घ्यायचे प्रयत्न केले ते बहुधा असेच, धान्य आणि पैशांच्या वाटेने. ३ जानेवारी १९९२ला, सावित्रीबाईंच्या जयंतीच्या मुहूर्तावर, दुर्बल घटकांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता सुरू झाला. वर्षाला जास्तीत जास्त २२० रुपये. १९९५च्या स्वातंत्र्यदिनी पोषण आहार आला. सुरुवातीला ८० टक्के हजेरी असेल तर महिन्याला तीन किलो तांदूळ घरी. सर्वोच्च न्यायालयाच्या २००१च्या आदेशानंतर शाळेतच शिजवलेली खिचडी मिळू लागली. रुपयाची चेष्टा खूप झाली, पण तांदळाच्या दिवशी शाळेच्या आवारात पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या बायकांची गर्दी कुठल्याच पालकसभेला झाली नसेल. त्या गर्दीशी दोन शब्द बोलावेत, हे मात्र फार थोड्या शाळांना सुचलं.

जिल्ह्यातल्या ऊसपट्ट्याची कथा वेगळी. साखर कारखान्यांच्या संख्येत सोलापूर जिल्हा राज्यात पुढे आहे. दिवाळीच्या आगेमागे बीडकडून ऊस तोडणाऱ्या नवरा-बायकोच्या, म्हणजे कोयत्याच्या, जोड्या येतात, सोबत मुलं. त्यांच्यासाठी साखरशाळा निघाल्या, मागे गावात राहणाऱ्यांसाठी हंगामी वसतिगृहं. उचल, म्हणजे आगाऊ मजुरी, घेतलेला बाप फडात असताना ‘पालक सहभाग’ म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर कुठल्याही परिपत्रकात नाही.

कायद्याने पालकाला खुर्ची दिली ती शिक्षण हक्क कायद्याने. २००९चा कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला. शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा. कसूरदार म्हणून नोटीस घेणारा पालक कागदावर थेट कारभारी झाला. त्याच सुमारास जुनी शिक्षण मंडळं गुंडाळण्याचं पर्व सुरू झालं.

कागदावरून खाली उतरायला मात्र वेळ लागतो. एका शाळेत मी समितीची बैठक बघितली. नाव सांगत नाही, कारण अशा पुष्कळ असतील. सतरंजीवर सात बायका, दोन पुरुष. सरांनी ठराव वाचले: मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे, प्राप्त अनुदानाच्या खर्चास मान्यता देणे. रजिस्टर फिरलं, सह्या झाल्या, दोन अंगठे उठले. निघता निघता एक बाई शेजारणीला तेलुगूत काही म्हणाली आणि दोघी हसल्या. मी विचारलं तेव्हा कळलं: मुलींच्या संडासाला कडी नाही, म्हणून तिची पोरगी दिवसभर पाणी पीत नाही. शाळा विकास आराखड्यातलं पहिलं कलम तिच्याकडे तयार होतं. सभेची भाषा तिची नव्हती, म्हणून ते सतरंजीवरच राहिलं. बरं, सरांनाही दोष कसा द्यावा? त्यांच्याकडे तेव्हा ही एकच समिती नव्हती. पालक शिक्षक संघ होता, माता पालक संघ होता, सखी सावित्री समिती होती आणि प्रत्येकीचं रजिस्टर वेगळं.

खेड्यात चित्र थोडं निराळं, कारण तिथे शाळा अजून गावाची आहे. जून २०१५मध्ये प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा लोकवर्गणीतून भिंती रंगल्या, प्रोजेक्टर आले. माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेचे तेव्हाचे शिक्षक रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२०मध्ये दहा लाख डॉलर्सचा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला आणि त्यातली निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. बातम्या झाल्या त्या क्यूआर कोडच्या. पाठ्यपुस्तकातला कोड आईच्या किंवा बापाच्या मोबाईलवर उघडतो, म्हणजे धडा घरात, कामातून उसंत मिळेल त्या वेळी ऐकता येतो. त्यातलं तंत्र फार मोठं नाही, वेळेची सोय मोठी आहे.

आधाराची भाषा अलीकडे बदलते आहे. सप्टेंबर २०२३मध्ये राज्याने दत्तक शाळा योजना आणली. ग्रामीण भागात पाच वर्षांसाठी ५० लाख, दहा वर्षांसाठी एक कोटी मोलाची मदत केली तर देणगीदाराचं नाव शाळेला जोडता येतं. लोकवर्गणीत शंभर रुपये देणारा माणूस दुसऱ्या दिवशी नळ गळतोय का बघायला येतो. एक कोटी देणारा येईल का, ते दिसेलच. दुसरीकडे घरांचेच पत्ते बदलले. कुंभारीच्या माळावर आधी गोदूताई परुळेकर वसाहतीत बिडी कामगार बायकांची दहा हजार घरं झाली, मग जानेवारी २०२४मध्ये रे नगर या कामगार वसाहतीतल्या पहिल्या १५ हजार घरांच्या किल्ल्या दिल्या गेल्या. कुंभारी दक्षिण सोलापूर तालुक्यात. शहरातली आई गावात राहायला गेली, की तिच्या मुलाची शाळा महापालिकेकडून जिल्हा परिषदेच्या हद्दीत जाते. दाखला, माध्यम, समिती, सगळं पुन्हा पहिल्यापासून.

एक प्रसंग उरतो. २०२०च्या टाळेबंदीत ऑनलाइन शाळेचा गाजावाजा चालू होता आणि नीलमनगरच्या कामगार वस्तीत घरटी एक स्मार्टफोनही नव्हता. तिथल्या आशा मराठी विद्यालय आणि धर्मण्णा सादूल प्रशालेने पहिली ते दहावीचे धडे वस्तीतल्या सुमारे ३०० भिंतींवर रंगवले. अक्षरं, गणिती सूत्रं, व्याकरण. मुलं आपापल्या सवडीने, अंतर ठेवून, गल्लीत उभी राहून वाचत. या शाळा महापालिकेच्या नव्हेत, खासगी संस्थांच्या. पण वस्ती तीच आणि हातातलं कामही तेच. गर्दीला बंदी होती, त्यामुळे सकाळी ११ची पालकसभा बोलावण्याचा प्रश्नच नव्हता. भिंत मात्र घरमालकाची. म्हणजे रंगाचा डबा उघडण्याआधी गुरुजींनी दार वाजवून विचारणं आलंच.