मशेरी लावता? मग आयुर्विम्याचा अर्ज भरण्याआधी हे वाचा

गणपतीत गावी आलेला चाकरमानी हटकून विचारतो, "कुठली विमा कंपनी चांगली?" कुणीतरी एक नाव सांगतं आणि त्याच रात्री मोबाईलवर अर्ज भरून होतो. महिन्याभराने निरोप येतो, अर्ज नामंजूर. ही गोष्ट तिथेच संपत नाही. पुढच्या कंपनीच्या फॉर्मात प्रश्न असतोच: यापूर्वी प्रस्ताव नाकारला, पुढे ढकलला किंवा जादा हप्त्यावर घेतला होता का? तिथे खरंच लिहावं लागतं. म्हणून आधी आपली तब्येत आणि सवयी कागदावर मांडा, कंपनी त्यानंतर शोधा.

आधार, पॅन, फोटो, बँकेचं पासबुक, वारसाचं नाव (वारस अज्ञान असेल तर त्याच्या वतीने पैसे घेणाऱ्या सज्ञान व्यक्तीचंही), एवढं सगळ्यांकडे असतं. अर्ज अडकतो तो पुढच्या गोष्टींवर.

तंबाखू म्हणजे फक्त सिगारेट नव्हे

गुहागरकडच्या एक मासळी विकणाऱ्या मावशी माझ्यासमोर फॉर्म घेऊन बसल्या होत्या. धूम्रपान नाही, तंबाखू नाही, दोन्हीकडे एजंटाने टिक केली होती. लघवीच्या तपासणीत कोटिनीन सापडलं. निकोटिनपासून शरीरात हेच तयार होतं. मावशी म्हणाल्या, "मी तंबाखू कुठे खाते? सकाळी मशेरीने दात घासते." मशेरी भाजलेल्या तंबाखूचीच असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. खोटं त्या बोलल्या नव्हत्या, पण कागदावर ते खोटंच ठरलं.

पानातला तंबाखू, गुटखा, विडी, मशेरी, सगळं सांगायचं. बहुतेक कंपन्या निदान गेल्या १२ महिन्यांतला वापर विचारतात. हप्ता बराच वाढतो, पण वारसाचा दावा फेटाळला जाण्यापेक्षा तो परवडला. माडीचंही तसंच. "ती दारू थोडीच" असं म्हणू नका, आठवड्याला किती घेता ते लिहा.

साखर आणि रक्तदाब असेल तर कंपन्यांची वागणूक एकसारखी नसते. एक जादा हप्ता मागते, दुसरी सरळ नाही म्हणते. एचबीएवनसीचा (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर सांगणाऱ्या रक्ततपासणीचा) ताजा रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची चिठ्ठी दाखवून, पैसे भरण्याआधी दोन-तीन ठिकाणी विचारा. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या आयआरडीएआयच्या वार्षिक अहवालात कंपनीनिहाय दावे मंजुरीचे आकडे असतात, तेही बघा. पण ९८ टक्केवाली कंपनी तुमच्या साखरेला घेईलच असं नाही.

उत्पन्नाचा पुरावा

मोठ्या रकमेच्या टर्म विम्याला (ठरलेल्या मुदतीत मृत्यू झाला तरच पैसे देणाऱ्या) तो लागतोच, आणि आमच्याकडे कोकणात नेमका तोच नसतो. बाग आजोबांच्या नावावर, सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली दहा मुंबईत. वाशीच्या दलालाच्या पट्ट्या (आंबा विक्रीच्या हिशेबाच्या पावत्या) कुठेतरी डब्यात. शेतीचं उत्पन्न करमुक्त आहे म्हणून कुणी रिटर्न भरत नाही, आणि कंपनी मागते रिटर्नच. विमा घ्यायचा विचार असेल तर आतापासून शेती उत्पन्न दाखवून रिटर्न भरायला लागा आणि आंब्याचे पैसे खात्यावर घ्या. तहसीलचा दाखला चालेल का, ते रांगेत उभं राहण्याआधी कंपनीला विचारा. तो काढायला किती खेपा होतात ते मी बघतो.

जन्मतारखेचा घोळ वेगळाच. शाळेत गुरुजींनी १ जून लिहिली, आधारवर दुसरीच. दोन्ही जुळवल्याशिवाय अर्ज करू नका.

तारखा नीट वाचा

मासिक हप्त्याला सवलतीचे दिवस (हप्त्याची तारीख उलटली तरी पॉलिसी चालू राहते ते) १५ असतात, ३० नव्हे. ३० दिवस वार्षिक, सहामाही आणि तिमाहीला. जून-जुलैत मासेमारी बंद, हातात पैसा नाही, आणि पॉलिसी तेव्हाच बंद पडते. आंबेवाल्याने वार्षिक हप्ता घ्यावा, मेअखेर येईल असा.

बंद पडलेली पॉलिसी पुन्हा चालू करताना आणखी एक खाच आहे. विमा कायद्याच्या कलम ४५ नुसार तीन वर्षांनंतर कंपनीला पॉलिसीवर शंका घेता येत नाही. पण पॉलिसी पुन्हा चालू केली की ती तीन वर्षं त्या दिवसापासून नव्याने मोजतात. एजंट हे सांगत नाहीत.

वैद्यकीय तपासणीनंतर जादा हप्त्याचं पत्र आलं तर मुदतीत लेखी संमती द्या. ते मेलवर येतं, मेल मुंबईच्या भाच्याचा असतो, आणि प्रस्ताव बंद होतो. पॉलिसी हातात आल्यावर ३० दिवसांत परत करता येते. त्या दिवसांत सोबत जोडलेली अर्जाची प्रत काढा आणि तंबाखूच्या रकान्यात काय लिहिलंय ते स्वतः वाचा. चूक असेल तर लगेच लेखी कळवा.

सगळीकडून नकार आला तर

प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा: वय १८ ते ५०, बँक किंवा पोस्टात खातं, वर्षाला ४३६ रुपये, २ लाखांचं कवच, वैद्यकीय तपासणी नाही. पहिल्या ३० दिवसांत फक्त अपघाती मृत्यूलाच पैसे मिळतात. वर्ष १ जून ते ३१ मे, म्हणून मेअखेर खात्यात शिल्लक ठेवा. त्या मावशींना मी हाच फॉर्म भरून दिला.

दावा फेटाळला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिचं उत्तर पटलं नाही तर त्या तारखेपासून वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारी सोडवणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही.